आमच्याकडून दोन माणसं

…आणि वर ठळक अक्षरात काय, तर 'छोट्या देशाची मोठी भूमिका'. वाचलंस ना तू? मग हसला नाहीस ते? मी हसलो बाबा — सकाळी सहाला, एकटाच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, सुक्या माशाचा तुकडा होता तोंडात तो घशातच अडकायचा. मोठी भूमिका म्हणे. तिथेच पेपर उलटा केला आणि त्यावर बटाट्याची सालं टाकली. गेल्या महिन्यात पन्नास देशांचे मंत्री जर्मनीत जमले, युक्रेनला कुणी काय पाठवायचं ते ठरवायला — तिकडे युद्ध चाललंय, इकडे टेबलाभोवती खुर्च्या — आणि त्या टेबलाच्या पार टोकाला, दाराच्या वाऱ्यात, आपला थोरगिल्स. आइसलँडचे मंत्रिमहोदय. ना सैन्य, ना रणगाडे, ना विमानं, तोफ म्हणशील तर तटरक्षक दलाच्या जहाजावर होती एक, तिच्यावर आम्ही ओले हातमोजे वाळत घालायचो. असा हा देश, आणि भूमिका मोठी. — अरे तिथे नको टेकूस, तिथला फवारा थेट मणक्यात घुसतो. इकडे सरक, माझ्या समोर. हं, असं. टोपी घातलीस हे बरं केलंस. परदेशी लोक येतात ते बोडक्यानेच बसतात, वरून बर्फ, खालून बेचाळीस डिग्रीचं पाणी, मग चक्कर येते आणि आम्ही त्यांना दंडाला धरून बाहेर काढायचं.

तू परदेशी नाहीस, पण ह्या गावचाही नाहीस. मी रोज सकाळी साडेसहाला ह्या कुंडात असतो, निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, चार वर्षं झाली — कोण कुठल्या कोपऱ्यात बसतं, कुणाच्या पाठीवर कुठला वण आहे, सगळं पाठ आहे मला. कुणाचा तू? थांब, थांब, सांगू नकोस. मी ओळखतो. आपण सगळे मिळून पावणेचार लाख, त्यात ओळखायला असं कितीसं लागतं. हनुवटी पश्चिमेच्या फ्योर्डांतली, डोंगरांत घुसलेल्या त्या खाड्यांकडची वाटते, तिकडच्या लोकांची अशीच असते, दार लावून घेतल्यासारखी. खांदे पोहणाऱ्याचे. बोलत नाहीस, म्हणजे आई बोलकी असणार, तिने तुझ्या वाटणीचंही बोलून टाकलं असेल. हसलास. बघ, बरोबर आलं की नाही. आता राहू दे, शेवटी सांग, तोवर मी तुझं घराणं शोधून काढतो.

ही बघ, आमची स्वानलौग आली कॉफी घेऊन. ये बाई. — आज आधी त्याला? दोन वर्षं पहिला कप माझा असतो, आणि आज एकदम पाहुण्याला मान? बरं बरं, दे त्याला, तरुण आहे. आणि डोळे काय झाले गं तुझे, रात्रभर कांदे चिरत होतीस काय? … गेली. बोललीच नाही. रोज हिचं तोंड बंद करायला मला पाण्यात बुडी मारावी लागते, आणि आज बघ. इथे तलावावर काम करते ती, बायकांच्या न्हाणीघरात उभी राहून परदेशी बायकांना दटावते, कपडे काढून साबण लावून नीट आंघोळ करा, मगच पाण्यात उतरा म्हणून, आणि सात वाजता आम्हा म्हाताऱ्यांना कॉफी देते. ते तिचं काम नाही, कुणी सांगितलेलं नाही, आपणहून देते. नवरा समुद्राने नेला, पोर चार वर्षांचं असताना. तो एकुलता एक, कुठे परदेशात असतो म्हणे, पाण्याखालची कसली कसली कामं करतो, त्याचं कौतुक ऐकून आमचे कान किटलेत. माझा कॉल्बेन असा नि माझा कॉल्बेन तसा. मी म्हणतो, असेल बाई, मला शेकू दे. पण चांगली आहे. माझी बायको गेली त्या महिन्यात ही रोज ह्या काठावर बसून राहायची, मी पाण्यातून निघेपर्यंत. एक शब्द बोलायची नाही. तेवढ्यापुरतं तिला जमलं.

तर काय सांगत होतो — थोरगिल्स. तू म्हणशील, ह्या म्हाताऱ्याला तिथली आतली बातमी कशी. माझी मुलगी होती ना तिथे. थोरगिल्सच्या मागे, दुसऱ्या रांगेत, भिंतीला लावलेल्या खुर्चीवर. तज्ज्ञ म्हणून नेली होती. मंत्री पुढच्या रांगेत बसतात आणि ज्यांना काही येतं ते मागच्या रांगेत, अशी पद्धत आहे. प्रत्येक देशाला तीन मिनिटं. मोठ्या देशाची तीन मिनिटं म्हणजे पंधरा, त्यांना कोण घड्याळ दाखवणार. हा म्हणतो, मी विमानं देतो, पण आधी त्याने दिली पाहिजेत. तो म्हणतो, माझी केव्हाची तयारी आहे, पण घरी जाऊन एकदा विचारतो. तिसरा म्हणतो, आम्ही मनाने तुमच्याबरोबर आहोत. मनाने. आणि समोर युक्रेनचा माणूस बसलाय, दोन दिवस गाड्या बदलत आलेला, बुटांना तिकडचा चिखल, तो आपला एका वहीत सगळं लिहून घेतोय. 'मनाने' असं लिहीत असेल का रे तो? आल्दीस म्हणाली, त्याने प्रत्येकाचं लिहिलं, एकाचंही सोडलं नाही. — काय झालं? कॉफी सांडलीस की. भाजलं का? आल्दीस, आल्दीस, माझी मुलगी. ओळखतोस? ओळखत असशीलच, तटरक्षक दलात आहे, बॉम्ब निकामी करणाऱ्यांत, मागे किनाऱ्यावर जुना सुरुंग वाहून आला तेव्हा टीव्हीवर दाखवली होती. तिला सगळेच ओळखतात. बस, बस, पाण्यात सांडली तर काय झालं.

आपली पाळी आली जेवणानंतर. अर्धे मंत्री मुताऱ्यांकडे गेलेले, अर्धे मोबाइलमध्ये, आणि थोरगिल्स उठून उभा राहिला. तिथे उभं राहायचं नसतं, बसूनच बोलायचं असतं, पण हा उभा राहिला, शाळेत राहतात तसा. त्याचा बाप शाळेची बस चालवायचा, त्या बसमध्येही हे ध्यान पहिल्या बाकावर हात वर करून बसलेलं असायचं. आणि म्हणाला, 'आमच्याकडे सैन्य नाही, पण.' दर बैठकीत ह्याचं भाषण इथूनच सुरू होतं, आल्दीसने मला पाठ म्हणून दाखवलंय. आमच्याकडे सैन्य नाही, पण आमचं मन मोठं आहे. आमच्याकडे सैन्य नाही, पण आम्ही लोकरीचे मोजे पाठवले. मोज्यांना मी हसत नाही हां, ते आधीच सांगून ठेवतो. माझ्या बहिणीने गेला हिवाळाभर बोटं सुजेपर्यंत विणलेत. खंदकात पाय गारठला की माणूस संपला, मोजा ही काही गंमत नाही. पण विणले आमच्या बायकांनी आणि टाळ्या घ्यायला उभा राहिला हा. आणि टाळ्या तरी कसल्या, चार माणसांच्या, त्यातली दोघं आपलीच.

मग तिथला अध्यक्ष, मोठ्या देशाचा, कडक इस्त्रीतला माणूस — त्याने सहज विचारलं, ह्या वेळी आपण काय आणलंत? झालं. थोरगिल्सच्या कागदावरचं संपलं होतं. पन्नास देशांपुढे तोंड उघडं टाकून माणूस किती वेळ उभा राहणार. तर हा म्हणतो, 'आमच्याकडून दोन माणसं.' सुरुंग काढायला शिकवणारी दोन माणसं, आणि शिकवायचं ते इकडे कुठे नाही, तिकडेच, युक्रेनमध्ये, शेतांत जाऊन. शेतं म्हणजे आपल्यासारखी गवताची नव्हेत, गव्हाची, आणि पेरून ठेवलेत त्यांत सुरुंग. तिथे फळ्यावर शिकवत नाहीत. शिकवणारा पुढे गुडघ्यावर बसतो आणि शिकणारे मागे उभे राहून बघतात. मोठा देश शंभर माणसं पाठवतो तेव्हा ती शंभर असतात, आकडा असतो. आपण दोन पाठवतो तेव्हा ती कोण, कुणाची, लहानपणी पानात काय टाकायची, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. आपण शरदात मेंढ्या डोंगरावरून खाली आणतो आणि कानाची खूण बघून कुंपणात ढकलतो, ही तुझी, ही माझी — तसं केलं ह्याने. द्यायला काही नव्हतं, दोन उचलली आणि दिली. त्यातली एक माझी.

आणि मला युद्ध म्हणजे काय ते कुणी सांगायला नको. मी केलंय युद्ध. हसू नकोस. माशांसाठी केलं, पण केलं. पंच्याहत्तर साली, वीस वर्षांचा होतो, तटरक्षक जहाजाच्या इंजिनात तेल घालणारा. इंग्रजांच्या बोटी आपल्या पाण्यात मासे मारायच्या, आम्ही त्यांची जाळी कापायचो, आणि त्यांच्या लढाऊ नौका येऊन आम्हाला धडका द्यायच्या. अजून दरवर्षी शाळेत बोलावतात मला, मुलांना अनुभव सांगा म्हणून. मी सांगतो. धडक बसली, जहाज कलंडलं, दिवे गेले, आम्ही डगमगलो नाही. टाळ्या होतात, मास्तरीणबाई केक देतात, मी घरी येतो. … डगमगलो नाही, डोंबल माझं. धडक बसली तेव्हा मी तेलाच्या पिंपामागे होतो, गुडघ्यांत डोकं घालून. वरून ओरडत होते, हाफ्लिदी, वर ये, दोर धरायला माणूस हवा, आणि माझे पाय हलेनात. मग माझ्याऐवजी माझ्याबरोबरचा गेला वर. त्या दोरात त्याची दोन बोटं गेली. पुढे आयुष्यभर तो मला डाव्या हाताने हात मिळवायचा आणि कधी एका शब्दाने बोलला नाही. हे मी शाळेत सांगत नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं. तुला का सांगतोय कुणास ठाऊक. गरम पाण्यात माणूस सैल होतो. आणि परक्याला सांगितलेलं बरं असतं, तो उठून जातो.

तर थोरगिल्सने दिली म्हणालो ना मी — बरं, ते अगदी तसं नाही. चिठ्ठी आल्दीसने दिली होती. मागच्या खुर्चीवरून पुढे वाकून, त्याच्या हातात. 'सुरुंगाचे शिकवणारे, दोन माणसं.' आणि त्याखाली, 'त्यातली एक मी.' तिनेच सांगितलं मला, रविवारी जेवायला आली तेव्हा, बटाटे सोलता सोलता, केस कापून आले असं सांगावं तसं. म्हणाली, बाबा, तो माणूस पेन उचलून थांबला होता. आपल्या नावापुढे लिहायला त्याला काहीच नव्हतं. मी म्हटलं, मग राहिली असती जागा कोरी. एवढ्या देशांत कुणाचं लक्ष जाणार होतं? ती म्हणाली, माझं गेलं. आता अशा मुलीला काय बोलायचं, तूच सांग. तिच्या आईवर गेली आहे. आमच्याकडे हे असलं काही नाही, आमच्या घराण्यात सगळे आपापला जीव सांभाळून असतात. म्हणून मी थोरगिल्सला बोलतो. मागच्या शनिवारी आला होता इथे, पोट पुढे घेऊन, काय हाफ्लिदी, बरं आहे ना, करत. मी पाय लांब केले. बसू दिलं नाही. शेवटी अडतीसच्या कुंडात जाऊन बसला, लहान पोरांत, त्यांच्या बदकांमध्ये.

कॉफी संपव, गार होतेय. जात नाहीस ना? मग ऐक, आता खरी मोठी भूमिका ऐक. थोरगिल्सला पन्नास देशांत बसून जमलं नसतं ते मी ह्या कुंडात बसून केलं. इथेच. तू बसलायस त्याच जागी ब्रिन्यार बसला होता, डॉक्टर, माझ्या बायकोच्या चुलत बहिणीचा मुलगा. जाणाऱ्या दोघांची तब्येत तोच तपासणार होता. आता आपल्याकडे हे असंच आहे, काही काम असेल तर ऑफिसात जायचं नाही, कुंडात यायचं. इथे सगळे चड्डीवर, कोण मंत्री नि कोण नळ दुरुस्त करणारा. मी म्हटलं, ब्रिन्यार, डॉक्टर म्हणून नको, घरचा म्हणून ऐक. आल्दीसला लहानपणी झटके यायचे. — आला होता. एकदा. दोन वर्षांची होती, ताप डोक्यात गेला होता, डोळे फिरवले, आम्ही बर्फात गाडी घालून दवाखान्यात नेली, सकाळी उठून दही मागत होती. एकदाच. पण मी 'एकदा' असं म्हणालो नाही. मी म्हणालो, चौदाव्या वर्षापर्यंत यायचे, आम्ही कुणाला कळू दिलं नाही, तिलाही नीट आठवत नाही, आज तिची आई असती तर तिने सांगितलं असतं तुला. गेलेल्या बायकोची साक्ष काढली रे मी. ब्रिन्यार उठून गेला, टॉवेल इथेच विसरला. डॉक्टर म्हणून ऐकू नकोस असं आपण म्हणतो, पण ऐकल्यावर तो काय करणार? चार दिवसांनी आल्दीसला कळवलं, सगळ्या तपासण्या होईपर्यंत, म्हणजे वसंतापर्यंत, तुला जाता येणार नाही. ह्यात त्यांची काही चूक नाही. झटके येणाऱ्या माणसाला सुरुंगापुढे कोण बसवेल, मीसुद्धा बसवणार नाही.

असा का बघतोयस? मुलं आहेत तुला? नाहीत. मग झालं तर. मुलगी झाली की ये, मग बघ माझ्याकडे असा. … तिने फोन केला मला त्याच दिवशी. बाबा, तू ब्रिन्यारशी काही बोललास का? मी म्हटलं, मी कशाला बोलू. नक्की? मी म्हटलं, मला कुठे येतं बोलायला, मी इंजिनातला माणूस. एरवी ह्यावर हसते ती. तेव्हापासून रविवारची येत नाही. न येईना. संध्याकाळी मी गाडी काढतो, रेक्याविकला जातो, तिच्या बिल्डिंगसमोर थांबतो. तिसऱ्या मजल्यावर तिच्या खिडकीत दिवा असतो. कधी ती उठून पडदा सारते, सावली दिसते. तेवढं बघतो आणि परत येतो. माझ्याशी बोलत नाही तर नाही बोलत, आहे ना तिथे, दोन हात, दोन पाय, धड. मला तेवढं पुरतं. तिला पुरत नाही, तो तिचा प्रश्न.

काय? तिची जागा? हो, मग, जागा कशी रिकामी राहील. पन्नास देशांसमोर दोन म्हटलंय म्हणजे दोन. एक तो उत्तरेकडचा जुना शिक्षक, एकटा जीव, तो जातोय हौसेने. आणि आल्दीसच्या जागी मिळालं कुणीतरी, तटरक्षक दलात नुकतंच लागलेलं. मिळतंच कुणीतरी. परवा, गुरुवारी, विमान आहे त्यांचं. कोण ते मी विचारलं नाही. मुद्दाम नाही विचारलं. आपल्याकडे नाव कळलं की आई कळते, बाप कळतो, त्यांचं घर कुठल्या वळणावर ते कळतं. आजच्या पेपरात फोटो असणार खाली, म्हणून तर उलटा केला, त्यावर सालं टाकली. कुणीतरी म्हणजे कुणीतरी. मला नाव नको आणि चेहरा नको. आणि मी कुणाला ढकललं नाही हां, ते लक्षात घे, मी माझी मागे घेतली एवढंच. बाकी ज्याला जायचं त्याने जावं. त्यालाही असेल हौस, फोटो येतो, मोठी भूमिका म्हणतात, थोरगिल्स येऊन खांद्यावर हात ठेवतो —

काय म्हणालास? हौस नाही त्याला? तुला काय ठाऊक रे. आल्दीसच्या हाताखाली शिकला, म्हणून हो म्हणाला — हे तुला कुणी सांगितलं?

कुणाचा तू? … नाही, ओळखणार होतो मी, पण राहू दे ते आता, तू सांग. कुणाचा?

हं.

पश्चिमेच्या फ्योर्डांत वाढलास. आजीकडे. आणि नॉर्वेतून आलास ते गेल्या शरदात. … मग इतका वेळ गप्प का बसलास? ही काय रीत झाली, म्हाताऱ्याला बोलू द्यायचं, बोलू द्यायचं, आणि — ती आली तेव्हा तरी सांगायचंस. मी तिला कांद्याचं बोललो. तिच्या तोंडावर बोललो मी कांद्याचं. तिने तुझ्या हातात कप दिला आणि तिचा हात जरा वेळ तुझ्या खांद्यावर राहिला होता, ते मी बघितलं. मला वाटलं, तोल जातोय, फरशी ओली आहे. … तिला हे ठाऊक नाही ना? कुणामुळे, ते? ऐक, कॉल्बेन. आल्दीसला सांगू नकोस. नाही, आल्दीसला सांग हवं तर, तिला कळेलच, कळलंच असेल तिला. तुझ्या आईला नको. ती मला रोज इथे — ती बसायची ना इथे, काठावर, बर्फात, तिला नको सांगूस.

बस की. उठतोस कशाला. हे बघ, अजून काही झालेलं नाही. आज मंगळवार. ब्रिन्यार आता येईलच पोहून, मोठ्या तलावात आहे, त्याची निळी टोपी मघाशी दिसली मला. मी सांगतो त्याला. एकदाच आला होता, तापात आला होता, मी घाबरून बोललो. दोन वाक्यं तर आहेत. तो लगेच फोन करील, आल्दीसची बॅग भरलेलीच असेल, ती काही सोडणारी नाही. सांगतो मी. माझी तयारी आहे, पूर्ण तयारी आहे. फक्त मला वाटतं आधी आल्दीसशी एकदा बोलून घ्यावं, घरी जाऊन, तिला फोन करून, तिचं काय म्हणणं ते विचारून, आणि मग — मी मनाने तुझ्या बाजूने आहे, कॉल्बेन, असं समजू नकोस की —

जा. थंडीत उभा राहू नकोस ओला. जा बाबा.

… अरे ये, ब्रिन्यार. ये, बस. तिथे बस, आत्ताच उठला तो, जागा खाली आहे. हो, वारा सुटलाय. ह्या आठवड्यात असंच राहणार म्हणतात, गुरुवारी जरा निवळेल. … कोण, तो? स्वानलौगचा मुलगा. हो. गप्प असतो. … नाही रे, कुठे काय, माझं काय बोलणं असणार तुझ्याशी. हवेचंच बोलत होतो आम्ही. माशांचं.

नको, स्वानलौग. मला नको आज कॉफी.